पोटाचं डायलिसिस घरी: वही बरी की मॉडेम?

आईचं पोटाचं डायलिसिस घरी करायचं ठरलं, तेव्हा नोंदी ठेवण्याचे दोन मार्ग समोर आले. एक सीएपीडीचा, म्हणजे मशीनशिवाय करायच्या पद्धतीचा: पोटात सोडायच्या औषधी पाण्याच्या पिशव्या हाताने बदलायच्या, वहीत लिहायचं, पानाचा फोटो नर्सताईंना व्हॉट्सॲपवर पाठवायचा. दुसरा सायकलरचा: मशीन रात्री आपोआप पाणी भरतं-काढतं आणि मॉडेममधून सगळा हिशेब रुग्णालयात पोचवतं. आम्ही वर्षभर पहिला वापरला, आता दुसऱ्यावर आहोत.

वही स्वस्त. दिवसातून तीन-चार वेळा दोन लिटर आत सोडायचं, निघालेली पिशवी काट्याला लावायची. 2300 मिली आलं तर अंगातलं 300 जादा निघालं. शिवाय वजन, बीपी, आणि पिशवीतल्या पाण्यात साखर दीड टक्के होती की अडीच. वहीची खोट एकच, ती माणसाच्या हातात असते. आमच्या मातोश्री चार दिवसांची राहिलेली पानं रविवारी एका बैठकीत भरायच्या, सगळीकडे 300! पाय सुजले तेव्हा बिंग फुटलं.

सायकलरला असं फसवता येत नाही. पाणी किती भरलं, किती निघालं, निघायला किती वेळ लागला, अलार्म किती वाजले, रात्री मध्येच बंद केलं का, सगळं जातं. क्लारिया नावाच्या सायकलरसोबतच्या शेअरसोर्स प्रणालीत तर डॉक्टर तिथूनच उपचाराचं सेटिंग बदलू शकतात. एकदा तीन रात्री पाणी फार सावकाश निघत होतं. आम्हाला पत्ताही नव्हता, आणि सकाळी फोन आला, "आजींचं पोट साफ होतंय ना?" बद्धकोष्ठता हेच कारण निघालं. पुण्याची एक खेप वाचली.

पण मशीन पाणी मोजतं, त्याचा रंग बघत नाही. गढूळ पाणी म्हणजे पोटात जंतुसंसर्गाची शंका, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हाताने बदलताना पिशवी डोळ्यांसमोरच असते. तिच्यामागे वर्तमानपत्र धरून अक्षरं वाचता येतात का, तेही बघता येतं. सायकलरची नळी थेट मोरीत सोडली की ही तपासणी हमखास राहून जाते. मॉडेम आहे म्हणून हे सोडलंत तर वहीच बरी होती.

वीज गेली की सायकलर थांबतो, म्हणून हाताने बदलायचं शिक्षण कुणालाच टळत नाही. मशीनचं सामानही महाग. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016ला सुरू झाला, पोटाच्या डायलिसिसच्या सूचना 2019मध्ये आल्या. त्यातून काय मिळतं ते जिल्हा रुग्णालयात आधीच विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर, मशीनच्या आधी रुग्णालयाची चौकशी करा. आलेली माहिती रोज कोण उघडतं? रविवारी कोण? ठोस नाव सांगता आलं नाही तर फोन उचलणाऱ्या नर्सताई आणि वही हीच जोडी घ्या. रुग्ण नोकरी करत असेल, एकटा राहत असेल किंवा शहरापासून लांब असेल, तर सायकलर. नीट नोंदी ठेवणारं माणूस घरात असेल तर घाई नको.

आणि मशीन येण्याआधी झोपायच्या खोलीत रेंज बघा. आमच्याकडे ती फक्त पडवीत येते, म्हणून आईची खाट आता पडवीत आहे.