मेल सर्व्हर घरचा, मग अलायस कसे करावेत?

पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेल पेटीत ठेवून वाचायला देणारा) चालू आहेत, डोमेन स्वतःचं आहे आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता, म्हणजे आपल्याच पेटीत मेल आणणारा अलायस, द्यायचा आहे, असं धरून चालतो. वाटा तीन. तिन्हींवरून मी जाऊन आलोय.

सर्वांत सोपी प्लसची. पोस्टफिक्सच्या रेसिपियंट डिलिमिटर या सेटिंगमध्ये (नावापुढचं शेपूट कुठल्या चिन्हापासून सुरू होतं ते यात सांगतात) अधिक चिन्ह टाकलं की ‘सुहास+विमा’ला आलेली मेल आपसूक सुहासच्या पेटीत पडते. नव्या पत्त्यासाठी सर्व्हरवर जावंच लागत नाही. मी दोन वर्षं यावर खूश होतो.

मग एका विमा कंपनीने अशाच पत्त्यावर रोज जाहिराती पाठवायला सुरुवात केली. अनसबस्क्राइब दाबलं, तर पानावर ‘सुहास विमा’ असा मधे मोकळी जागा असलेला पत्ता, आणि खाली ‘हा ईमेल आमच्याकडे नोंदलेला नाही’. लिंकमधलं अधिक चिन्ह त्यांचा सर्व्हर मोकळी जागा म्हणून वाचत होता. पासवर्ड बदलायच्या लिंकचंही तेच. फोन केला तर पलीकडून, ‘सर, ईमेलमध्ये प्लस येत नाही, बरोबर पत्ता सांगा.’ तीन फोन झाले, जाहिराती थांबल्या नाहीत. माझ्यापुरता प्लसचा विषय तिथेच संपला.

पोस्टफिक्स २.११ पासून डिलिमिटरमध्ये एकाहून जास्त चिन्हं चालतात, म्हणून डॅशही जोडता येतो. डव्हकॉटलाही तसं सांगावं लागतं. अधिक चिन्हाचा त्रास त्याने बराचसा मिटतो. पण फुटलेला, म्हणजे जाहिरातवाल्यांच्या हाती लागलेला, पत्ता बंद करायला वेगळा नियम लिहावा लागतोच, आणि शेपूट काढलं की मूळ पत्ता कोणालाही कळतो.

कॅच-ऑलचं, म्हणजे डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्याची मेल एकाच पेटीत घेण्याचं, आकर्षण मी समजू शकतो. दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या पत्ता रचून देता येतो. पण मग सर्व्हर कोणालाच नाही म्हणत नाही. इन्फो, सेल्स, अ‍ॅडमिन, अंदाजाने मारलेलं सगळं आत येतं. शिवाय व्हर्च्युअल फाइलीतली (कुठला पत्ता कुठे न्यायचा याची पोस्टफिक्सची यादी) कॅच-ऑलची एक ओळ खऱ्या पेट्याही गिळते. बायकोची मेल संध्याकाळभर माझ्याकडे येत होती. प्रत्येक पेटीची स्वतःकडेच नेणारी ओळ घातली तेव्हा ती जागेवर गेली.

आता मी व्हर्च्युअल फाइलीत प्रत्येक पत्त्याची एकेक ओळ लिहितो आणि पोस्टमॅप, म्हणजे त्या फाइलीचा पोस्टफिक्स वाचतो तो डेटाबेस बनवणारी कमांड, चालवतो. पोस्टफिक्स रीलोड करावा लागत नाही. पोस्टमॅप विसरलं तर लॉगमध्ये डेटाबेस मूळ फाइलीपेक्षा जुना असल्याची ताकीद दिसते. काम थोडं वाढतं, हे खरं. आठवड्याला दहा पत्ते लागणाऱ्याला कदाचित डॅशच बरा पडेल. पण पत्ता फुटला की ओळ काढायची, पुन्हा पोस्टमॅप, आणि पाठवणाऱ्याला दारातच ५५०, म्हणजे ‘असा पत्ता नाही’ हा नकार, मिळतो. विम्यासाठी नवा पत्ता असाच केला, त्यांच्या शाखेत जाऊन कागदावर बदलून घेतला. प्रत्येक ओळीच्या वर हॅश लावून तो कोणाला, कधी दिला तेवढं लिहून ठेवतो.