वेलवेट कार्डं, नऊ महिने आणि न टिकणारी शाई

मे महिन्यात नाशिकहून एका ताईंचा फोन आला. डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत त्यांनी आमच्याकडून बाळाचं दुपटं घेतलं होतं आणि जाता जाता डबलच्या गोधडीचा भाव विचारला होता. मी नेहमीप्रमाणे आमच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून दिला. आता त्यांना ती गोधडी हवी होती, बावीसशेला. मी म्हटलं, अहो, अठ्ठावीसशे. त्या म्हणाल्या, तुमच्याच हातचं आहे, फोटो पाठवते. फोटो आला. पुढे २, शेवटी दोन शून्यं आणि मधल्या आठाच्या जागी निळसर फराटा. पर्समध्ये पाच महिने घासून घासून नेमका आठच गेला होता. शेवटी पंचवीसशेवर तोड निघाली. ते तीनशे रुपये मी कार्डांच्या खर्चात मांडलेत, आणि एप्रिलात घेतलेला हा मजकूर त्या तीनशे रुपयांपोटी पुरा करतेय असं समजा.

कार्डं म्हणजे हल्ली सगळ्यांकडे असतात तीच. साडेतीन बाय दोन इंच, ३५० जीएसएमचं, म्हणजे चांगलं जाड, आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंनी मखमली हाताचं वेलवेट लॅमिनेशन, नावापुरती चकचकीत लेपाची, म्हणजे स्पॉट यूव्हीची चमक. पेठेतल्या एका छपाईवाल्याकडून सप्टेंबरात करून घेतली, हजार कार्डांचे २१०० रुपये. शंभर का नाही, तर शंभर डिजिटलवर करावी लागतात आणि नगाला दुप्पट पडतात. ऑफसेटच्या एका मोठ्या शीटवर आठ-दहा जणांची कार्डं एकत्र छापतात, म्हणून हजार स्वस्त पडतात. घाऊकात घेतलं की बचत होते या माझ्या माहेरच्या शिकवणीला मी इथे बळी पडले.

पहिले दोन महिने मी खूश होते हे कबूल करायला हवं. वेलवेटचा हात काय मऊ लागतो! लोक कार्ड घेतल्यावर नाव वाचायच्या आधी त्यावर अंगठा फिरवायचे. आमच्या घरगुती व्यवसायवाल्या बायकांच्या ग्रुपवर मी फोटो टाकून पाचपैकी पाच देऊन बसले होते. माझं बघून दोघींनी तशीच करून घेतली. त्यांची इथे माफी मागते.

आधी किरकोळ तक्रारी. मोबाइलच्या पडद्यावर छान नीळ दिसणारा रंग छापून आला तो वांग्याच्या सालीसारखा. पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छपाई चार शायांनी, त्यात निळा हमखास जांभळ्याकडे झुकतो, हे मला नंतर कळलं. दुसरं, छपाईवाल्याकडच्या डीटीपीवाल्या दादाकडे डिझाइनचं सॉफ्टवेअर म्हणजे जुनं कोरल. मी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं युनिकोड मराठी त्यात टाकलं की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, म्हणून त्याने सगळं श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप केलं. त्यात ‘धावदोऱ्याच्या गोधड्या’चं झालं ‘धावदोर्याच्या गोधड्या’. प्रूफ मीच ओके केलं होतं, रात्री साडेअकराला, भांडी घासता घासता. त्यामुळे तिथे भांडायला तोंड नव्हतं. नंबर इतका बारीक की सासूबाई म्हणाल्या, “हे मुंगीला द्यायचंय का?”

क्यूआर कोडचं दुखणं खरं तर यापेक्षा मोठं. दादाने तो कुठल्याशा फुकट साइटवरून बनवला होता, ‘डायनॅमिक’ प्रकारचा. म्हणजे त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत आमचा पत्ता नव्हताच, त्या साइटचा होता, आणि तिथून गिऱ्हाइकाला आमच्याकडे ढकललं जायचं. फुकटची मुदत संपली आणि भीमथडीच्या दुसऱ्या दिवशी स्कॅन करणाऱ्याला ‘हा कोड बंद आहे, पैसे भरा’ असलं पान दिसायला लागलं. वर्षाला मागत होते त्या पैशांत दोन गोधड्यांची अस्तरं येतील. मी भरले नाहीत. भाच्याने ‘स्टॅटिक’ कोड करून दिला, त्यात व्हॉट्सॲपची लिंक सरळ कोडातच असते, मध्ये दुकानदार नाही आणि मुदतही नाही. तो चिठ्ठ्यांवर छापून जुन्या कोडावर चिकटवायला घेतला, तर वेलवेटवरून चिठ्ठ्याही सुटायला लागल्या. तशीही निम्मी माणसं तो कोड फोनपेने स्कॅन करायची आणि म्हणायची, ताई, पेमेंट होत नाहीये. म्हणून म्हणते, कोड बंद पडला याचं मला फारसं दुःख नाही.

दुःख आहे ते पेनचं.

गोधडीचा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की आमच्याकडे एकसारखा माल नसतो. एक गोधडी आजीच्या नऊवारीची, एक सुती पाचवारींची, एकीत आत जुनं धोतर. बरेच लोक आपल्या घरच्याच साड्या आणून देतात. मग बोलणं होतं, मापं ठरतात, किती साड्या लागतील ते ठरतं, आणि हे सगळं लिहून द्यावं लागतं. स्टॉलवर गर्दी असते, कागद शोधायला वेळ नसतो, हाताशी असतं ते कार्ड. म्हणजे आमचं कार्ड हे कार्ड कमी आणि चिठ्ठी जास्त. हे मला माहीत होतं. तरी दादाने “मागे पण वेलवेट घ्या ताई, फिनिशिंग येतं” म्हटल्यावर मी मान डोलावली.

या नऊ महिन्यांत त्या मागच्या बाजूवर मी काय काय चालवून पाहिलं! साधं बॉलपेन घसरतं, चारातलं एक अक्षर उमटतं. जेल पेन झकास चालतं, पण शाई वर तरंगत राहते. गिऱ्हाईक कार्ड खिशात घालतं आणि भाव खिशाच्या अस्तराला लागतो. शाईपेनाचे थेंब गोळा होऊन अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे फिरतात. पेन्सिलीचं नाव नको. सीडीवर लिहायचं मार्कर टिकतं, पण त्याच्या जाडीत ‘डबल, ६ बाय ७, सुती, ४ साड्या’ एवढं बसवायचं तर कार्ड पोस्टकार्डाएवढं हवं. लॅमिनेशन म्हणजे शेवटी प्लॅस्टिकचा पापुद्रा. शाई कागदात मुरते, प्लॅस्टिकात कुठे मुरणार?

जानेवारीत मी झिरो नंबरचा पॉलिशपेपर आणला आणि टीव्ही बघत बघत शंभर कार्डांच्या पाठी घासल्या. हसू नका, चाललं. घासलेल्या जागी बॉलपेन धरतं. फक्त कार्ड मांजराने ओरबाडल्यासारखं दिसतं आणि स्पॉट यूव्हीचे पैसे आपण कशाला मोजले होते असा प्रश्न पडतो. नाशिकच्या ताईंचं कार्ड त्या घासलेल्यांतलं नव्हतं, हेही नमूद करते.

मग फेब्रुवारीत मी दुसरी फेरी केली. दोनशेच कार्डं, डिजिटलवर, ७०० रुपयांत. पुढे मॅट लॅमिनेशन, मागे कोरा कागद, कोऱ्या बाजूला फिकट चार रेघा आखलेल्या. छपाईवाला वेगळा. हे लिहायला घेतलं तेव्हा, म्हणजे एप्रिलात, मी या कार्डांची भरभरून स्तुती केली होती. ‘एकाच बाजूला लॅमिनेशन घ्या आणि निर्धास्त राहा’ असं वाक्य मसुद्यात अजून आहे. ते खोडते. कारण जूनमध्ये पाऊस लागला आणि डब्यातली कार्डं पापडासारखी वळली. कोरी बाजू हवेतली ओल पिऊन फुगते, प्लॅस्टिकची बाजू जागची हलत नाही, मग कार्डाला वाकण्यावाचून गत्यंतर नाही. दोन्ही बाजूंना लॅमिनेशन असलं की ताण सारखा बसतो, म्हणून ती जुनी वेलवेटची अजून सपाट आहेत. मी दुसऱ्या छपाईवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, वहीत दाबून ठेवा ना.” मी विचारलं, गिऱ्हाइकाला वहीसकट देऊ का? फोन कट.

सध्या चालू आहे ती तिसरी तऱ्हा. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथून जाड हातकागदाचे ताव आणले. हा कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात, म्हणजे आमच्या गोधडीचा चुलतभाऊच. बावीस बाय तीस इंचाच्या एका तावात साडेतीन बाय दोनची नव्वद कार्डं बसतात. बाइंडरकडे मशिनवर कापून घेतली, कापायचे धरून कार्ड नगाला रुपयाच्या आसपास पडलं. नावाचा आणि नंबराचा रबरी शिक्का करून घेतला, ४५० रुपये, एकदाच. शिक्क्याचा मजकूर मी स्वतः तीनदा वाचला. यात ‘दोऱ्या’ बरोबर आहे. नंबर सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आला तेव्हाच पास केला.

दिसायला? वेलवेटच्या पुढे गरीब. शिक्का कधी पूर्ण उमटतो, कधी कोपरा राहतो. पण बॉलपेन त्यावर असं चालतं की काय सांगू, दाबायलाही लागत नाही. जेल पेन मात्र यावरही नको, शाई धाग्याधाग्याने फुटते. शिक्क्याची शाई पाण्याची असल्यामुळे ओल्या बोटाने नाव फरकटतं, तरी बॉलपेनने लिहिलेला भाव जागेवर राहतो. नाव गेलं तरी चालेल, भाव राहिला पाहिजे, या मताला मी आले आहे.

आणि एक गोष्ट मी योजलीच नव्हती. कार्ड जाड आणि मऊ म्हणून सासूबाईंनी एका कोपऱ्यात दाभणाने भोक पाडलं आणि गोधडी शिवायच्याच दोऱ्याने ते गोधडीच्या टोकाला अडकवलं. मागे त्यांच्या अक्षरात: ‘निळी साडी मधे. पहिल्यांदा वेगळी धुवा. सावलीत वाळवा.’ गोधडी नेणारी माणसं ते कार्ड फेकत नाहीत. गेल्या आठवड्यात कोथरूडच्या एका काकूंनी दुरुस्तीला गोधडी आणली, तर कार्ड दोऱ्यासकट तिलाच होतं, म्हणाल्या, धुताना काढते आणि परत बांधते. २१०० रुपयांच्या कार्डाला हे कोणी केलेलं नाही.

हिशोब मी वहीत ठेवते. फोन करणाऱ्याला पहिला प्रश्न, नंबर कुठून मिळाला? सप्टेंबरपासून ४१ ऑर्डरी आल्या. २६ ओळखीतून, ६ व्हॉट्सॲप स्टेटसवरून, ९ कार्डावरून. त्या नऊपैकी आठ जणांच्या कार्डावर मी हाताने काहीतरी लिहिलेलं होतं. नुसतं कोरं कार्ड घेऊन गेलेल्यांतून एक. स्टॉलवर येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्त्यांसारखी वाटलेली शेकडो कार्डं कुठे गेली देव जाणे. आता मी मागितल्याशिवाय कार्ड देतच नाही, आणि दिलं तर आधी त्यांचं नाव विचारून, काहीतरी लिहूनच देते.

वेलवेट अगदी टाकाऊ आहे असं मात्र नाही. कापडाच्या दुकानात, बुटीकवाल्यांकडे माल दाखवायला जाताना मी अजून तेच नेते. तिथे काउंटरवरचा माणूस कार्डावर अंगठा फिरवतो आणि मग आत बोलावतो. तुमचा साबण, मेणबत्ती, ठरल्या भावाचं काही असेल तर तुम्हाला ते चालेलही. फक्त दुकानात नमुना बघायला मागाल तेव्हा स्वतःचं पेन घेऊन जा, तिथेच लिहून बघा आणि मिनिटभराने अंगठ्याने घासा. दादा तोंड वाकडं करेल, करू दे.

माझ्याकडे अजून ६१२ शिल्लक आहेत. टाकवत नाहीत. सासूबाईंनी परवा त्यांतली दहा-बारा घेतली, दोन्ही बाजूंना कात्रीने खाचा पाडल्या आणि रविवार पेठेतून आणलेला दोरा त्यावर गुंडाळून ठेवला. सकाळी बघतो तर दोरा सगळा डब्यात सुटून पडलेला. त्यावरून तोही घसरतो.