ड्रॅगनफ्लाय बीएसडी आणि हॅमर२ : डिचोलीतल्या डीटीपी दुकानात सात महिने

एप्रिलच्या शेवटी दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर (४ जीबी रॅम, एकच १ टीबीची डिस्क) ड्रॅगनफ्लाय बीएसडी ६.४ (युनिक्स घराण्यातली फुकट ऑपरेटिंग सिस्टिम; हॅमर२ ही तिची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) घातली, आता दिवाळी होऊन गेली. काम एवढंच की दोन विंडोज मशीनवर लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, फ्लेक्स वगैरे जे बनतं ते सांबातून (विंडोज मशीनना नेटवर्कवरून सर्व्हरचं फोल्डर दाखवणारं सॉफ्टवेअर) या एका डब्यात यायचं, आणि कोणी काही उडवलं तर दुपारचं तरी परत मिळायचं.

झेडएफएस ही जास्त प्रसिद्ध फाइलसिस्टिम का नाही हा प्रश्न येणारच. दोन डिस्क असतील तर सरळ झेडएफएस घ्या, कारण हॅमर२मध्ये मिररिंग (दोन डिस्कवर तीच प्रत ठेवणं) नाही, डिस्क गेली की सगळं गेलं. माझ्याकडे एकच डिस्क आणि रॅम तुटपुंजी, आणि खरं सांगायचं तर नवं काहीतरी करून बघायची खाज. ड्रॅगनफ्लाय ही मॅथ्यू डिलननी २००३ साली फ्रीबीएसडी ४ मधून वेगळी काढलेली, पहिली हॅमर फाइलसिस्टिम २००८ मधली, हॅमर२ आली २०१७ च्या ५.० सोबत. जुन्या हॅमरबद्दल वाचलं होतं की ती फाइलचा इतिहास आपोआप ठेवते आणि अनडू कमांडनी मागे जाता येतं. मी हॅमर२लाही तसंच समजून बसलो. तसं नाहीये! इथे स्नॅपशॉट (त्या क्षणी फाइली जशा होत्या तशी प्रत) आपणच घ्यायचा, म्हणजे पहिला आठवडाभर माझ्याकडे एकही स्नॅपशॉट नव्हता आणि मी निवांत.

सेटिंगमध्ये एक गोष्ट मात्र आधीच बरोबर पडली. स्नॅपशॉट निघतो तो अख्ख्या पीएफएसचा (फाइलसिस्टिममधला स्वतंत्र कप्पा), म्हणून गिऱ्हाइकांच्या फाइलींसाठी पीएफएस-क्रिएटनी 'काम' नावाचा वेगळा पीएफएस केला. सिस्टिमची उलथापालथ त्यात येत नाही. लॉग, कॅश, टेम्प असलं सगळं इन्स्टॉलर स्वतःच बिल्ड नावाच्या वेगळ्या पार्टिशनवर टाकतो, ते मला आवडलं. कॉम्प्रेशन आहे तेच एलझेड४ ठेवलं. जेपीजीला त्याचा काही उपयोग नाही, टिफला बऱ्यापैकी.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि लाईटचा खेळ पण. इन्व्हर्टरवर फक्त डिझाइनची दोन मशीनं, सर्व्हर दर वेळी धाडकन बंद. एकदाही फाइलसिस्टिम चेक करत बसावं लागलं नाही, उठला की माउंट (डिस्क जोडून वापरायला तयार). शेवटची काही सेकंदं लिहिलेलं जातं, तेवढं मान्य.

आता रडगाणं. गणेश चवथीच्या आधीचे तीन आठवडे म्हणजे आमचा सीझन, डिस्क ९४ टक्क्यांवर गेली. गेल्या वर्षीचे टिफ उडवले, जुने स्नॅपशॉट पीएफएस-डिलीटनी काढले, आणि डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) बघतो तर आकडा जागचा हलला नाही. वाटलं डिस्कच गेली. मग मॅन्युअल नीट वाचलं : डिलीट केल्यावर जागा लगेच सुटतच नाही, बल्कफ्री (अशी जागा सोडवणारी कमांड) चालवावं लागतं, तेही दोनदा, पहिल्या फेरीत ब्लॉकवर खूण होते आणि दुसऱ्या फेरीत तो खरा मोकळा होतो. हे काम रोज पहाटे तीनच्या सुमारास क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) आपोआप करतो, पण मी तर आठ वाजता शटर ओढताना सर्व्हरचं बटण बंद करून घरी जातो! म्हणजे एप्रिलपासून ते एकदाही चाललंच नव्हतं. यात फाइलसिस्टिमची चूक नाही, माझीच.

मग सगळं वेळापत्रक दुकानाच्या वेळेवर आणलं. आमच्याकडे एक ते साडेतीन दुकान बंदच असतं, तेव्हा सव्वाला स्नॅपशॉट, दीडला बल्कफ्री, अडीचला पुन्हा एकदा. संध्याकाळी साडेसातला दुसरा स्नॅपशॉट. नावात तारीख आणि वेळ, चौदा दिवसांपेक्षा जुने माझी छोटी स्क्रिप्ट काढते. तेव्हापासून डिस्क ७० टक्क्यांच्या आसपास.

याचा फायदा पंधरा दिवसांतच दिसला. भाच्यानी एका गणेश मंडळाच्या अहवालावर, २४ पानी, दुसऱ्याच कोणाचं माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची आरास) पोस्टर त्याच नावानी सेव्ह केलं, आणि वर मलाच विचारतो, "मामा, फायल खंय गेली?" डिव्हाइसच्या नावापुढे ॲट (@) आणि स्नॅपशॉटचं लेबल लावून सव्वाचा स्नॅपशॉट माउंट केला, फाइल कॉपी केली, दोन मिनिटं. माउंट करताना रीड-ओन्ली आठवणीनी घाला, हॅमर२चे स्नॅपशॉट लिहिता येतात आणि त्यातलीच फाइल बदलून बसलात तर जुनी प्रत पण गेली.

डिस्क एकच म्हणून शनिवारी यूएसबी डिस्कवर कॉपी. झेडएफएससारखं सेंड-रिसीव्ह (स्नॅपशॉट थेट दुसऱ्या डिस्कवर पाठवणं) इथे नाही, ड्रॅगनफ्लायचं स्वतःचं सीपीडप हे कॉपीचं साधन वापरतो, तेही स्नॅपशॉट माउंट करून त्यातून, म्हणजे कॉपी चालू असताना कोणी सेव्ह करत बसलं तरी फरक नाही. क्रॉनमध्ये टाकताना आय-शून्य (-i0) ऑप्शन द्या, नाहीतर काही पुसायची वेळ आली की ते होय-नाही विचारत बसतं.

आणि मराठीत नावं देणाऱ्यांसाठी : फाइलच्या नावाला मर्यादा २५५ बाइटची, आपलं एकेक अक्षर, काना-मात्रा सुद्धा, तीन बाइट खातं, म्हणजे साधारण ८५. 'चि. सौ. कां.' पासून सुरू करून दोन्ही घराण्यांची नावं, मग 'फायनल', मग 'फायनल नवीन' असं लिहायची भाच्याला सवय आहे, त्याला दोनदा सेव्हच होईना.