प्रेग्नन्सीत खाण्याचा आजार उलटला तर: सीबीटी-ई की सीएफटी, सोलापुरातच की ऑनलाइन?

आधी बुलिमिया (भसाभसा खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते काढून टाकायचं, हा आजार) होता, मधे चांगली बरी होतीस आणि आता पाचवा लागलाय तर जेवण झालं की परत पाय बाथरूमकडे वळतायत, अशा मुलींसाठी लिहितेय. थेरपी घ्यायची हे ठरलं असेल तर खरा घोळ पुढेच असतो, कुठली घ्यायची आणि कुठं.

सीबीटी-ई म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी), ही खास खाण्याच्या आजारांसाठीच बनवलेली, ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांची, आणि हिच्यावर अभ्यास भरपूर झालेत. वजन फार कमी नसेल तर साधारण २० आठवड्यांत २० सेशन. तीन जेवणं, मधे दोन-तीनदा थोडं खाणं, चार तासांच्या वर गॅप नाही, आणि खाल्लं की तिथल्या तिथं लिहायचं, रात्री आठवून नाही. म्हणजे "साडेचार, डिंकाचे दोन लाडू, सासूबाई समोर बसल्या होत्या, उलटी काढावीशी वाटली" असं. पाचव्यात सुरू केलं तर संपेपर्यंत डिलिव्हरीच येते, त्यामुळे उद्या-परवा करत बसू नका.

सीएफटी म्हणजे कम्पॅशन फोकस्ड थेरपी, स्वतःकडे मायेनं बघायला शिकवणारी, पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांची. हिचा भर लाजेवर आणि स्वतःला टोचून बोलण्यावर. अभ्यास सीबीटी-ई इतके नाहीत, पण "पोटात बाळ आहे आणि मी हे करतेय, कसली आई मी" हे डोक्यात चालू असेल ना, तर त्याच लाजेपायी बायका स्त्रीरोगतज्ज्ञांपासूनही लपवतात आणि त्या डायरीतही खोटं लिहितात, मग ती सीबीटी-ई काय कामाची? माझं मत, जेवणाची घडी सीबीटी-ईची ठेवा, पण थेरपिस्टला पहिल्याच कॉलवर विचारा की लाजेवर काम करता का. दोन्ही मिळून करणारे असतात.

आणि तपासणीला वजनाचा काटा असतोच, तर पाठमोरं उभं राहायचं आणि सिस्टरना आधीच सांगायचं, "आकडा लिहा, पण मोठ्यानं म्हणू नका."

आता कुठं. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, कमी खर्चात डॉक्टर भेटतात, गोळ्यांचं बघतात. बुलिमियावर फ्लुओक्सेटिन देतात, ती चालू असेल तर घाबरून स्वतःहून बंद करू नका, मानसोपचार आणि स्त्रीरोग दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. पुण्यात या आजाराचा अनुभव असलेले थेरपिस्ट सापडायची शक्यता जास्त, पण सातव्या-आठव्यात दर आठवड्याला हुतात्मा एक्सप्रेस पकडून जा-ये कोण करणार. म्हणून मी मराठीतून ऑनलाइन थेरपी अधिक इथला डॉक्टर, याच बाजूची. बाळंतपणाला माहेरी लातूरला जा नाहीतर पंढरपूरला, थेरपिस्ट बदलत नाही. अडचण एकच, भरल्या घरात बोलायचं कुठं, तर इयरफोन लावून गच्ची. (सोलापूरच्या उन्हाळ्यात सेशन संध्याकाळचंच घ्या!)

चक्कर, छातीत धडधड, दिवसातून अनेकदा उलट्या असतील तर मात्र ही तुलना बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा, उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात.

डिलिव्हरीनंतर थेरपी सोडू नका, जागरणं आणि "आता पोट उतरव" म्हणणाऱ्या मावश्या, तेव्हाच आजार परत डोकं वर काढतो. बाळ मांडीवर घेऊन सेशन चालेल का, हे आत्ताच विचारून ठेवा, जो नाही म्हणेल त्याला यादीतून काढा.