बृहत आराखडा वापरून पाहिला: पाचपैकी अडीच तारे

तारे आधीच सांगून टाकतो. पाचपैकी अडीच, आणि त्यातला अर्धा एकट्या कोतवालाचा. त्यानं ग्रामसभेची दवंडी खरोखर दिली, नाल्यापलीकडच्या पुऱ्यात जाऊनही दिली.

मी ३१ वर्षं एस.टी.त वाहक होतो. संप मिटल्यावर वर्षभरात निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. यवतमाळ जिल्हा, पावणेचार एकर वावर, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. गावाचं नाव लिहीत नाही. ग्रामपंचायतीचा सचिव माणूस तसा वाईट नाही, आणि मला अजून याच गावात राहायचं आहे.

सेवेचं सरकारी नाव ‘आमचं गाव, आमचा विकास’. गावानं पाच वर्षांचा बृहत आराखडा करायचा आणि त्यातून दरवर्षी वार्षिक आराखडा काढायचा. शेती, रस्ते, पाणी, झाडं, काय हवं ते गावानंच ठरवायचं. पैसे लागत नाहीत, दलाल लागत नाही. कागदावर इतकी चांगली सेवा मी दुसरी पाहिली नाही.

आता अनुभव. २ ऑक्टोबरची ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण लागतात, जो आकडा कमी असेल तो. आम्ही भरलो ४१. माणसं मोजायची मला सवय, दोनदा मोजली. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हे गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याला पाठ आहे, त्यामुळे पहिल्या सभेला यायची तसदी त्यांच्यापैकी कोणी घेत नाही. पुढच्या सभेला आम्ही २३ होतो. त्या २३ जणांनी गावाची पाच वर्षं ठरवली. बाकीच्यांची सोयाबीनची सोंगणी चालू होती, त्यांना काय दोष द्यायचा.

बायकांची सभा मात्र आदल्या दिवशी अंगणवाडीत चांगली भरली होती. आमच्या घरून सौ. गेली होती. परत आल्या आल्या म्हणाली, "लिहून घ्या. बायांनी एकच काम सांगतलं, पांदण."

मी म्हटलं, "पाणी नाही सांगितलं?"

"नळ आला ना दारात. वावरातून गठोडं कोन आनते, तुमी?"

यावर मी काय बोलणार? पांदण म्हणजे वावरात जायची कच्ची वाट. ज्यांनी काळी माती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसऱ्याच्या आसपास पहिली वेचणी येते आणि तेव्हा परतीचा एक पाऊस हमखास पडून गेलेला असतो. बंडी पांदणीत घातली की चाक आखापर्यंत रुततं, बैल बसकण मारतात. मग दिवसभर वाकून वेचलेला कापूस चादरीत बांधायचा आणि डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणायचा. आमच्या वावरापासून ते अंतर दीड किलोमीटर आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, वाहून आणण्याची मिळत नाही. संध्याकाळी सौ. गठोडं उतरवते तेव्हा मान सरळ करायला तिला थोडा वेळ भिंतीला टेकून उभं राहावं लागतं.

सभेत सचिवांनी यादी वाचली. पेव्हर ब्लॉक, सिमेंट नाली, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीचं कुंपण, ओपन जिम. ओपन जिम ऐकून मागे बसलेला एक सालदार हसला. सकाळी सहाला वखर धरणाऱ्या माणसाला सायंकाळी सरकार लोखंडी दांड्याला लटकवणार म्हणे.

पांदण यादीत नव्हती. मी उभा राहिलो. "काकाजी, ते काम इकडे नसते, ते रोजगार हमीत," सचिव म्हणाले. गोष्ट खरी होती. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावानं योजना आली, ती रोजगार हमीला जोडलेली. हमीचा हिशेब ६०:४०, म्हणजे मजुरीला साठ, साहित्याला चाळीस. मुरमाड जमिनीत हे जमून जात असेल. आमची भारी काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते. तिच्यावर मुरूम-खडी दाबून बसवली नाही तर रस्ता एका पावसाळ्याचा पाहुणा. इथं साहित्यच जास्त लागतं आणि नेमका साहित्यालाच हात आखडता. गेल्या वेळी मातीकाम झालं होतं. दोन्ही बाजूंची माती उपसून मधे टाकली, फोटो काढले. जुलैत ती परत आपल्या जागी गेली.

घरी येऊन मी जुन्या सवयीनं हिशेब मांडला. पंधराव्या वित्त आयोगाचे १०० रुपये आले समजा. त्यातले १० जिल्हा परिषदेला, १० पंचायत समितीला, आपल्या हाती ८०. त्या ८० मधले ६० टक्के बंधित, म्हणजे २४ रुपये पिण्याचं पाणी आणि पाऊसपाणी साठवण, २४ रुपये स्वच्छता. उरले ३२. ते अबंधित, म्हणजे ज्याबद्दल गावानं खरोखर ठरवावं असे. सभेत तीन तास भांडण झालं ते या ३२ रुपयांवर. ४८ कुठे जायचे ते ठरूनच आले होते. याबद्दल माझी तक्रार नाही, पाण्याला आणि संडासाला पैसे बांधले नसते तर सगळ्यांचे पेव्हर ब्लॉक झाले असते. पण हा हिशेब सभेत फळ्यावर मांडायला पाच मिनिटं लागतात. कोणी मांडत नाही.

दुसरं काम मी सांगितलं बंधाऱ्याचं. नाल्यावर कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा सरला की त्यात लोखंडी बरगे घालायचे आणि मृगाच्या आत काढायचे. दोन बरग्यांमध्ये रबराची पट्टी असते, ती आमच्याकडे कुजून तिचे धागे निघाले आहेत. पाणी झिरपत नाही, फवारे उडतात. मागच्या वर्षी पोरांनी फटींत काळी माती, पऱ्हाट्या आणि युरियाच्या रिकाम्या पिशव्या कोंबल्या. चार दिवस थांबलं, पाचव्या दिवशी पिशवी फुग्यासारखी बाहेर आली. जे पाणी पौषापर्यंत हरभऱ्याला पुरायचं ते कार्तिकातच संपलं.

काम कितीचं? रबर, नटबोल्ट आणि एक दिवसाचा वेल्डर. सचिवांचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे: "बंधारा आपल्या मालकीचा नाही आणि दुरुस्तीचं हेड नाही. नवीन काही सांगा, नवीन टाकतो."

या सेवेतली खरी खोट मला इथं दिसते. नवीन काम घालायला जागा आहे, आहे ते चालू ठेवायला नाही. जलयुक्त शिवारात नाला खोल झाला, त्यात गाळ किती वर्षांत भरणार आणि तो कोण काढणार हे कुठल्या कागदावर आहे? २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांची मोहीम होती. आमच्या गायरानातही खड्डे झाले. रोपाला तीन उन्हाळे पाणी घालायला माणूस आणि पैसा कुठून येणार, हा प्रश्न खड्डा खणायच्या आधी विचारायचा असतो. खड्डे अजून आहेत, त्यात शेळ्या बसतात.

अपवाद एकच पाहिला, तोही नोकरीत रोज खिडकीतून. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर फलक असतो. वर बांधकामाचा खर्च, खाली पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत देखभालीची रक्कम, वर्षवार. ठेकेदार पाच वर्षं बांधील. सगळीकडे ती देखभाल होते असं मी म्हणणार नाही, माझ्या कंबरेला सत्य माहीत आहे. पण निदान आकडा लिहिलेला असतो, त्यावर बोट ठेवून भांडता येतं. बंधाऱ्यावर बोट कुठे ठेवू?

लांब पल्ल्याच्या कामांची आम्हा वैदर्भीयांना तशी सवय आहे. विकासाचा अनुशेष मोजायला दांडेकर समिती बसली तिचा अहवाल १९८४ चा. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे २००८-०९ च्या बजेटमधली, २८४ किलोमीटरची, आणि वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी धावली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. कळंबला पहिली गाडी आली तेव्हा आमचे एक जुने ड्रायव्हर मुद्दाम पाहायला गेले होते. म्हणाले, "लेकाची लेटच आली, पण आली." दरवर्षी तुकड्यातुकड्यानं पैसा टाकला की काम लांबतं आणि लांबलं की महागतं, हे मोठ्या धरणाला लागू आहे तसं आमच्या रबराच्या पट्टीलाही आहे.

आता तिसरं काम. यात मात्र सेवेला दाद देतो.

आमच्या गावी पूर्वी मुक्कामी गाडी असायची. सायंकाळी साडेसातला यायची आणि सकाळी सहाला सुटायची. कॉलेजची पोरं, तालुक्याच्या दवाखान्यात नंबर लावणाऱ्या म्हाताऱ्या, भाजीच्या पाट्या, सगळं त्या गाडीत. एका पावसाळ्यात चावडीमागच्या खोलीची कवेलू कोसळली आणि त्यानंतर मुक्काम बंद झाला. लोक डेपोला शिव्या देत राहिले. मी तिकीट मशीन गळ्यात घालून आयुष्य काढलं आहे, मला विचारा. रात्री दोन माणसांना झोपायला छप्पर, दिवा आणि संडास नसेल तर मुक्काम द्यायचा कसा? मी उन्हाळ्यात गाडीच्या टपावर झोपलो आहे. पावसाळ्यात शेवटच्या सीटवर झोपलो आहे. एका गावी पाण्याचा डबा घेऊन पहाटे बाहेर गेलो आणि पायापासून हातभरावर घोणस होती. त्या गावाला माझ्याच्यानं नंतर कधी चांगलं म्हणवलं नाही.

तर मी सभेत म्हटलं, गाडी मागू नका, खोली बांधा. गाडी आपल्या आराखड्यात बसत नाही, खोली बसते. ग्रामपंचायतीची इमारत आहे, दुरुस्ती अबंधितमधून. शेजारी संडास स्वच्छतेच्या बंधितमधून, सार्वजनिक म्हणून, म्हणजे ३२ रुपयांवर फार भार नाही. सचिव क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "हे बसते." सरपंचबाईंनी लगेच सूचक-अनुमोदकांची नावं विचारली. सभा संपल्यावर मी प्रोसिडिंग बुक वाचून दाखवायला सांगितलं, तर खोलीचा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ यात शेवटून दुसरा. चालेल, पण लिहिलेला होता. तुमच्या गावी सभेला गेलात तर एवढं करा: वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

ऑनलाइन भागाबद्दल थोडक्यात. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो, बिलं कोणाला गेली तेही दिसतं. सुनेनं मोबाईलवर काढून दिलं. कामांची नावं इंग्रजीत, पण रक्कम कळते. आमची खोली होती, संडास होता, ओपन जिमही होती. पांदण नव्हती, कारण ती रोजगार हमीच्या कागदात. बंधारा नव्हता, तो तिसऱ्याच खात्याचा. मुक्कामी गाडी तर कुठेच नाही. एकाच वावरात जायला तीन कंपन्यांची तीन तिकिटं काढावी लागतात असं झालं. बायांनी पांदण पहिली सांगितली होती, ते ‘पहिली’ कुठल्याच कागदावर उतरलं नाही. मी ते जुन्या वेबिलच्या, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदाच्या, पाठीवर लिहून ठेवलं आहे: १ पांदण, २ रबर, ३ खोली. गावाच्या पसंतीचा सध्या तेवढाच दस्तऐवज आहे, आणि झाली ती फक्त तीन नंबरची.

पांदणीसाठी अर्ज पुन्हा दिला आहे, या वेळी खडीकरणासकट, आणि खाली ६२ बायांच्या सह्या, त्यात ९ अंगठे. सौ.नं घरोघर फिरून घेतल्या. रबरासाठी हरभरेवाल्या बारा जणांनी वर्गणी काढली. पट्टी आली, वेल्डर यायचा आहे.

खोली पूर्ण झाली. दोन लोखंडी पलंग, पंखा, आणि दाराला आतून कडी, हे मी मुद्दाम सांगितलं होतं. ठरावाची प्रत जोडून डेपोला अर्ज गेला, उत्तराची वाट पाहतो आहे. तोवर पंचायतीनं त्या खोलीत हायमास्टची खोकी आणि ओपन जिमचं सायकलसारखं एक यंत्र आणून ठेवलं. किल्ली माझ्याकडे आहे. परवा मी ते यंत्र एका बाजूला सरकवलं आणि एक पलंग मोकळा केला.