हलणारं फ्लायव्हील पाहून भुललो

गाडी डिझेलची, चार सिलिंडरची. उभी राहिली की स्टिअरिंग, सीट, आरसा, सगळं थरथरायचं. वेग घेतला की बरीचशी शांत. डिझेलला थोडी थरथर असतेच म्हणा. ८०० आरपीएमला असं इंजिन सेकंदाला २६-२७ धक्के देतं. पण ही थरथर दोन महिन्यांत चांगलीच वाढली होती.

गॅरेजमालकानं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान दिला आणि निकाल सांगून टाकला, "साहेब, ड्युअल मास गेलंय." म्हणजे ड्युअल मास फ्लायव्हील, इंजिन आणि क्लच यांच्यामधली जड, गोल चकती. गिअरबॉक्स उतरवल्यावर मला मुद्दाम बोलावून घेतलं. फ्लायव्हीलची क्लचकडची चकती हातानं डावी-उजवीकडे फिरवून दाखवली. "बघा, किती प्ले आहे! कधीही तुटेल." डोळ्यांसमोर लोखंड हलतंय म्हटल्यावर मी मान डोलावली.

ते हलायलाच हवं होतं, हे नंतर कळलं. ड्युअल मास म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये कमानीसारख्या वाकलेल्या स्प्रिंगा. एक चकती क्रँकशाफ्टला, दुसरी क्लचकडे. इंजिनाचे धक्के स्प्रिंगा गिळतात. त्यामुळे हातानं थोडं फिरणं हा दोष नव्हे, त्याची रचनाच तशी. बिघाड ठरवायचा तर फिरण्याची चाल अंशांत आणि डुलणं डायल गेजनं मोजून त्या मॉडेलच्या मर्यादेशी ताडून पाहावं लागतं. याच्या हातात गेज नव्हता, फडकं होतं.

जुनं फ्लायव्हील मागितलं तर म्हणाला, "ते कंपनीला परत जातं." इथंच मी अडून बसायला हवं होतं.

गाडी मिळाली. थरथर तशीच, वर न्यूट्रलला गिअरबॉक्समधून खडखड. क्लच दाबला की गप्प. "नवं आहे, बसायला वेळ लागेल." फ्लायव्हील म्हणजे काय नवी चप्पल, चार दिवस चावेल आणि मग बसेल? तरी मी तीन आठवडे वाट पाहिली.

दुसऱ्या मेकॅनिकनं टॉर्च घेऊन आधी इंजिनाची माउंटिंगं, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, पाहिली. उजवीकडचं हायड्रॉलिक, म्हणजे रबराच्या आत द्रव भरलेलं. तो गळून खाली काळा ओघळ आलेला, रबर दबून लोखंड लोखंडाला टेकलेलं. प्रत्येक धक्का थेट बॉडीत. मग मला गाडीसमोरून बाजूला व्हायला सांगून त्यानं पहिला गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच किंचित सोडला. इंजिन एका अंगाला उचललं गेलं. हे पाहायला गिअरबॉक्स उतरवायची गरजच नव्हती. माउंटिंग बदललं, थरथर गेली.

खडखड मात्र राहिली. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला तर आत ड्युअल मास नव्हतंच. एकसंध, साधं फ्लायव्हील आणि मध्ये स्प्रिंगा असलेली क्लच प्लेट. खडखड त्याचीच. असा बदल काही जण समजून-उमजून करून घेतात, स्वस्त पडतो म्हणून. मला विचारलं कुणी नव्हतं आणि पैसे मी ड्युअल मासचे मोजले होते. माझं जुनं, बहुधा धडधाकट असलेलं, कुणाच्या गाडीत फिरतंय कोण जाणे.

जाब विचारायला गेलो. मालक शांतपणे म्हणाला, "बिलात काय लिहिलंय ते वाचा."

वाचलं. 'फ्लायव्हील, १ नग.' ड्युअल मास हा शब्द कुठेच नाही. पार्ट नंबरही नाही.