नाकासाठी कपाळाची कातडी: राजारामपुरीतलं एक सर्जरी सेंटर

कोल्हापुरातल्या या सेंटरची जमेची बाजू म्हणजे घाई नाही. नाकाचा कॅन्सर काढल्यावर कडा स्वच्छ असल्याचा, म्हणजे तिथं कॅन्सर उरला नसल्याचा, पॅथॉलॉजी रिपोर्ट आल्याशिवाय नाक नव्यानं बांधायला घेत नाहीत. साधारण १.५ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या जखमेला कपाळाचा फ्लॅप, म्हणजे एका टोकाला कपाळाशी जोडलेलाच ठेवून नाकावर वळवलेला कातडीचा तुकडा. भुवईजवळच्या रक्तवाहिनीवर जगणारा त्याचा देठ ३ आठवड्यांनी कापतात. तोवर कपाळापासून नाकापर्यंत सोंडच लोंबते, चष्मा नीट बसत नाही. हे आधी सांगायला हवं, इथं तेच सांगायचं राहून जातं. नाकपुडीची कड गेली असेल तर कानाची कूर्चा (मऊ, लवचीक हाड) घालतात, नाहीतर श्वास घेताना ती आत ओढली जाते. फ्लॅप जांभळा पडला तर रक्त साचतंय, पांढराफटक पडला तर पोचत नाहीये. दोन्ही वेळा लगेच डॉक्टरांना गाठा. आणि मिश्री, तंबाखू, विडी आधीपासूनच बंद! निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, मग फ्लॅपचं टोक काळं पडतं.